निंबटाईला कागद नसतो

आखाजी आली की खानदेशात सालदारांची सालं फिरतात आणि त्यांच्याबरोबर शेतंही फिरतात. कोणाचे सहा बिघे निंबटाईने जातात, कोणाचे वर्षाच्या नफ्याने. निंबटाई म्हणजे खर्च निम्मा, पीक निम्मे. नफ्याने म्हणजे ठरलेली रक्कम आधी मोजायची आणि हंगामाचे बरेवाईट आपल्या अंगावर घ्यायचे. पारावर बोलणी होतात, एखादा वडीलधारा मधे बसतो, चहा होतो आणि व्यवहार पुरा होतो. लिहून कोणी काही ठेवत नाही. फारच झाले तर हातउसन्याची एक पावती, ज्यात शेताचा गट नंबर चुकूनही येत नाही. पुष्कळ मालक दोन वर्षांनी शेत करणारा बदलतात किंवा त्याच माणसाला दुसरा तुकडा देतात, म्हणजे एका बांधावर एकाचाच नांगर फार दिवस दिसायला नको.

न लिहिण्याची किंमत शेत करणारा मोजतो. सातबारा मालकाचा, म्हणून पीककर्ज मालकाला. वर्षाचे सहा हजार रुपये देणारी पीएम किसान योजना मालकाला. रावेर-यावलच्या पट्ट्यात वादळाने केळी आडवी झाली की पंचनाम्यावर नाव मालकाचे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर पीक नोंदवायचे, ही कल्पना चांगलीच. पण तिथेही खाते मालकाचे, त्यामुळे ज्याने कपाशी लावली, निंदली आणि वेचली तो नोंदीत कुठेच येत नाही. पीकविम्यात भाडेपट्ट्याने करणाऱ्याला भाग घेता येतो, मात्र नोंदणीकृत करार दाखवून. आणि करार तर कोणी करून देत नाही.

बाहेरून आलेला अधिकारी याला शेतकऱ्याचा अडाणीपणा म्हणतो. खरे तर मालक फार शहाणपणाने वागत असतो. त्याच्या आजोबांनी १९५७ साल पाहिलेले असते.

त्या सालाची सुरुवात, योगायोगाने, खानदेशातच झाली. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, सजावट नंदलाल बोस यांची, राबणाऱ्यांत धनाजी नाना चौधरी आणि सानेगुरुजी. शाळेतल्या पुस्तकांत बांबूच्या कमानी आणि लोटलेली गर्दी यांचे वर्णन असते. तिथे मंजूर झालेल्या शेतीविषयक कार्यक्रमाला मात्र तीन ओळीही मिळत नाहीत. खंड आणि शेतसारा कमी करणे, न परवडणाऱ्या लहान जमिनींना सूट देणे यांबरोबर त्यात एक कलम होते: कुळाचा हक्क कायम असावा, तो वारसांकडे जावा, आणि कुळाला जमिनीवर घर बांधण्याचा व झाड लावण्याचा अधिकार असावा. झाड ही लहानशी गोष्ट वाटते. पण जो झाड लावतो तो पुढच्या पंधरा वर्षांचा हिशेब करतो, आणि खंडकऱ्याने तेवढा लांबचा हिशेब करावा हेच कोणा मालकाला नको होते.

खानदेशात कूळ होते कुठे, असा एक प्रश्न नेहमी निघतो. इथे रयतवारी होती, जमीनदारी नव्हती, ही गोष्ट खरी. जमिनीच्या मोजणीला लोकांनी विरोधही केला होता. १८५२ मध्ये सावदा, रावेर, चोपडा भागात मोजणीविरुद्ध लोक उठले आणि सरकारला फौज आणावी लागली. पण रयतवारीत सरकार ज्याच्याकडून सारा घेई तो खातेदार आणि नांगर धरणारा माणूस एकच असेल असे काही नव्हते. कापसाने पैसा आणला, पैशाबरोबर कर्ज आले, आणि कर्जाखाली जमिनी सावकार, व्यापारी, वतनदार यांच्या खात्यावर गेल्या. पूर्वीचा मालक त्याच शेतात खंडकरी म्हणून राहिला.

मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने १९३९ चा कूळकायदा केला. मग १९४८ चा मोठा कायदा आला, आणि १९५६ च्या दुरुस्तीने त्याला खरे दात आले. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जमीन कसत असलेले कूळ कायद्यानेच खरेदीदार मानले गेले. विक्रीखत नाही, मालकाची सही नाही. शेतजमीन न्यायाधिकरणाने कलम ३२-ग खाली चौकशी करायची आणि किंमत ठरवायची. ही किंमत साऱ्याच्या वीस पटींपेक्षा कमी नाही आणि दोनशे पटींपेक्षा जास्त नाही, तीही हप्त्याने. सारा किती नाममात्र असतो हे जाणणाऱ्याला मालकांच्या पोटात तेव्हा काय कालवले असेल ते सांगायला नको. मालक सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५८ मध्ये न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरवली.

कायदा असा सरळ आणि गाव मात्र वाकडे. न्यायाधिकरण म्हणजे प्रत्यक्षात एक महसुली अधिकारी, एक कारकून आणि एक टेबल. कुळाला नोटीस निघायची. त्याने हजर राहून एवढेच सांगायचे, की मी जमीन घ्यायला तयार आहे. तो आला नाही, किंवा 'मला नको' म्हणाला, की खरेदी निष्फळ. आता ज्याच्या वाड्यातून मुलीच्या लग्नाला ज्वारी आणली, ज्याच्या विहिरीवर म्हैस पाणी पिते, त्याच्या मुलासमोर उभे राहून 'तुमची जमीन मला पाहिजे' असे म्हणायचे. किती जणांच्या तोंडून ते निघाले असेल? पुष्कळांनी नको म्हटले. त्याही आधी पुष्कळांकडून राजीनामे घेऊन झाले होते.

याची कबुली खुद्द विधिमंडळानेच दिलेली आहे. १९६९ मध्ये कायद्यात नवे पोटकलम घातले गेले: १५ जून १९५५ रोजी जो ताब्यात होता, आणि कृषक दिनाच्या आधी ज्याला बेकायदा काढले गेले, त्याला जमीन परत द्या, मालकाकडे ती ३१ जुलै १९६९ रोजी शिल्लक असेल तर. एखादे पोटकलम दोन इतक्या नेमक्या तारखा धरून लिहिले जाते तेव्हा त्यामागे काय घडले असेल, याचा अंदाज बांधायला संशोधनाची गरज नाही. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुळाच्या राजीनाम्याबद्दल कडक भूमिका घेतली. राजीनामा लेखी हवा, आणि मामलेदाराने स्वतः खात्री करून घेतलेली हवी. नाहीतर तो रद्दी.

तरीही लाखो कुळे राज्यात मालक झाली, आणि खानदेशातल्या अनेक सधन कुटुंबांची कहाणी कलम ३२-म च्या खरेदी प्रमाणपत्रापासून सुरू होते. आज त्यांच्यातलेच काही निंबटाईने शेत देतात. हाताला कागद लागू देत नाहीत ते तेच.

कारण कायद्याने कृषक दिनानंतरची दारेही उघडी ठेवली. कलम ३२-ओ प्रमाणे १९५७ नंतर नवे कूळ निर्माण झाले तर त्याला वर्षाच्या आत खरेदीचा हक्क. कलम ४ तर त्याहून जागरूक. दुसऱ्याची जमीन जो कायदेशीरपणे कसतो, तो मालकाच्या घरचा, पगारी नोकर किंवा ताबेगहाणदार नसेल, तर त्याला कूळच मानायचे. कुळाला वाचवण्यासाठी याहून भक्कम तटबंदी बांधता आली नसती. परिणाम असा, की त्या पिढीचे कूळ मालक झाले आणि पुढच्या पिढीला कूळ होताच येईना. कायद्याने कोणाला काढले नाही, मालकांनी कोणाला आत घेतले नाही. २०१६ मध्ये नीती आयोगाच्या टी. हक समितीने जमीन भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा सुचवला. लेखी करार करा, मालकी कधीच धोक्यात येणार नाही, असे त्याचे सार आहे. सूचना समंजस आहे. पण सत्तर वर्षांची धास्ती एका मसुद्याने जाईल असे मानणारा माणूस खेड्यात फारसा राहिलेला नसावा.

न्यायालयात हे सगळे कसे उतरते? अमळनेर किंवा शिरपूरच्या दिवाणी न्यायालयात मालक मनाईहुकमाचा दावा लावतो. प्रतिवादी म्हणतो, मी कूळ आहे. झाले. कूळ आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार दिवाणी न्यायालयाला नाही, कलम ८५ ने तो काढून घेतला आहे. मग मुद्दा कलम ८५-अ खाली तहसीलदाराकडे जातो, कलम ७०-ब ची चौकशी होते, तिच्यावर अपील, त्यावर महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरणात फेरतपासणी, त्यावर उच्च न्यायालयात रिट, आणि उत्तर घेऊन फाइल जिथून निघाली तिथे परत. तोवर मूळ पक्षकाराच्या जागी वारसांची नावे दाखल झालेली असतात, कधी दोनदा. सभागृहात वकील मंडळी असतील तर ती इथे हसतील, पण त्यांची अशिले हसणार नाहीत.

सगळा डाव सातबाऱ्याच्या दोन रकान्यांवर. एक पीकपाहणीचा, दुसरा इतर हक्कांचा. जुन्या उताऱ्यावर 'साधे कूळ' एवढी नोंद आणि पुढे एक नाव, यावर तीन पिढ्या कोर्ट चालते. नोंद खरी मानायची हे कायद्याचे गृहीत, आणि ती खोडून काढायची जबाबदारी आक्षेप घेणाऱ्यावर. म्हणून एके काळी तलाठ्याच्या शाईला जी किंमत होती ती मुन्सफाच्या सहीलाही नव्हती.

विधवा, अज्ञान मुले आणि अपंग मालक यांच्यासाठी कलम ३२-फ ने खरेदी पुढे ढकलली होती. विधवा वारली की ठरावीक मुदतीत कुळाने नोटीस द्यायची, नाही दिली तर हक्क गेला. पण विधवा मुंबईला मुलाकडे वारली हे कुळाला कळणार कसे? हा साधा प्रश्न तडीला लागायला २०१९ उजाडले. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या वर्षी सांगितले, की मालकाच्या बाजूने कुळाला कळवायला हवे. त्याला ठाऊकच नसलेल्या घटनेवरून त्याचा हक्क बुडत नाही.

खानदेशची आणखी एक गंमत आहे, ती नकाशावर दिसते. चाळीसगावहून औट्रम घाट चढून कन्नडला गेले की जुनी निजामाची हद्द. तिथे हैदराबादचा १९५० चा कूळकायदा. मुक्ताईनगरहून मलकापूरला गेले की वऱ्हाड. तिथे विदर्भासाठीचा १९५८ चा वेगळा कायदा, आणि कुळाच्या मालकीची तारीख १ एप्रिल १९६१. घरभाड्याचेही तसेच. जळगाव-धुळ्याला १९४७ चा मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा, तर वऱ्हाडात आधी भाडेनियंत्रकाची परवानगी, मग नोटीस, मग दावा. सोयरिकी हद्दीपलीकडे होत आणि वारसाने जमिनी दोन्हीकडे येत. एकाच घरातले दोन भाऊ दोन कायद्यांखाली भांडत. घरभाड्यापुरते हे त्रांगडे ३१ मार्च २००० रोजी महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा लागू झाल्यावर सुटले. शेतीपुरते अजून सुटलेले नाही.

धुळे शहर या घरभाड्याच्या दाव्यांचे जुने माहेर. कॅप्टन ब्रिग्जने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आखलेल्या सरळ गल्ल्या, आजही नंबरानेच ओळखल्या जाणाऱ्या. त्यांत दाटीने उभी असलेली माडीची घरे, खाली दुकान, वर बिऱ्हाड. याच गावी १८७९ मध्ये महादेव गोविंद रानडे यांची न्यायाधीश म्हणून बदली झाली. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडानंतर सरकारला त्यांचा संशय होता आणि त्यांची डाक उघडून पाहिली जाई. दिवसा दिवाणी दावे ऐकणाऱ्या माणसाच्या पत्रांवर सरकारचा पहारा. रानड्यांच्या चरित्रात ही गोष्ट सगळ्यांना आठवते, त्यांनी तिथे ऐकलेल्या दाव्यांबद्दल मात्र कोणी लिहीत नाही.

मुंबईच्या जुन्या भाडेकायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे आधार धरून गोठवले. युद्ध आणि फाळणीच्या काळात ते गरजेचे होते. मग पन्नास वर्षे गोठलेलेच राहिले. भाडे चहाच्या बिलाएवढे, म्हणून मालक कौल बदलत नाही. कौल बदलत नाही म्हणून भाडेकरू भाडे अडवतो. मालकाला थकबाकी दाखवायची असते म्हणून तो भाडे घेतच नाही. भाडेकरू मनीऑर्डर पाठवतो, ती 'नाकारली' असा शेरा घेऊन परत येते, आणि तो शेराच पुढे न्यायालयात निशाणी म्हणून दाखल होतो. खानदेशातल्या जुन्या भाडेकरूंच्या पेटीत दागिन्यांइतक्याच जपून ठेवलेल्या परत आलेल्या मनीऑर्डरी सापडतात. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे गोठवलेले भाडे अवाजवी ठरवले, आणि नव्या कायद्यात वर्षाला चार टक्के वाढीची तरतूद आली.

नव्या कायद्याबद्दल एक गैरसमज इतका पक्का आहे की तो व्याख्यानाच्या मध्येच थांबून सांगायला हवा. 'अकरा महिन्यांचा करार करा, नोंदणी लागत नाही.' महाराष्ट्रात कलम ५५ ने भाड्याचा प्रत्येक करार, लिव्ह अँड लायसन्ससुद्धा, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीनचा, लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. केली नाही तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. म्हणजे शेतीत न लिहिल्याने मालक वाचतो आणि घरात न लिहिल्याने तोच अडकतो. तरी सवय एकच. भाडेकरू निघेना म्हणून पाणी-वीज तोडणाऱ्यांना कलम २९ आड येते, आणि कुलूप तोडून सामान रस्त्यावर टाकणाऱ्यांना विशिष्ट साहाय्य कायद्याचे कलम ६: सहा महिन्यांत दावा लावला तर मालकी कोणाची हे न विचारता ताबा परत.

भाडेनियंत्रण कायद्याचे संरक्षण पालिकेच्या भाडेकरूला नाही, आणि जळगावचा गाळ्यांचा वाद तिथेच सुरू होतो. शासन आणि स्थानिक संस्थांच्या मिळकतींना भाडेनियंत्रण कायदा लागू होत नाही. पालिकेने फुले मार्केटसारखी संकुले बांधली, गाळे मुदतीच्या कराराने दिले. २०१२ च्या सुमाराला त्यांतल्या बहुतेकांची मुदत संपली, आणि महापालिकेला आपण फुकटाच्या भाड्यावर बसलेल्या दोन हजारांहून अधिक गाळ्यांचे मालक आहोत हे लक्षात आले. तेही हुडकोचे कर्ज मानेवर असताना. बाजारभावाने भाडे मागितले गेले, दंड आकारला गेला, महापालिका कायद्याच्या कलम ८१-ब नुसार गाळे खाली करण्याच्या नोटिसा निघाल्या, मोर्चे निघाले. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गाळे ताब्यात घेऊन लिलाव करण्याचा आदेश दिला. पुढे २०१९ मध्ये राज्याने पालिकांच्या मिळकतींच्या नूतनीकरणाचे नियम केले, आणि भाडे बाजारमूल्याच्या किती टक्के, या प्रश्नावर वाद पुन्हा सुरू झाला.

इथे सहानुभूती कोणाला द्यायची हे कुळाच्या गोष्टीइतके सोपे नाही. तीस वर्षे त्या गाळ्यात धंदा वाढवणारा कापडवालाही त्यात आहे. करार एकाच्या नावावर आणि गल्ल्यावर दुसराच बसलेला, हा प्रकार तर कुठल्याही पालिका बाजारात दिसतो. महापालिका म्हणजे काही पिळवणूक करणारा सावकार नव्हे, पण मुदत संपण्याची तारीख तिलाही पहिल्या दिवसापासून ठाऊक होती.

कागदाने मालकाला घाबरवल्याच्या या सगळ्या गोष्टी झाल्या. सातपुड्याच्या पायथ्याला तोच कागद उलटा चालला. शहादा तालुका तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला. तापीकाठची काळी जमीन, त्यावर भिल्लांची नावे, आणि गुजर शेतकऱ्यांचा ताबा. धान्याच्या, बैलाच्या उधारीपोटी अंगठे घेतलेले. कुठे बटाईने दिलेली जमीन पीकपाहणीत करणाऱ्याच्या नावे चढलेली. म्हणजे कुळाला वाचवणारा रकाना इथे सधन शेतकऱ्याच्या कामाला आला. १९७१ मध्ये पाटीलवाडीला गोळीबार झाला आणि शहादा वर्तमानपत्रांत पोहोचले. अंबरसिंग सुरतवंती यांनी गावोगाव फिरून माणसे गोळा केली. १९७२ मध्ये शहाद्याला भूमुक्तीची परिषद झाली, श्रमिक संघटना उभी राहिली, आणि लोक जुने उतारे हातात घेऊन आपापल्या बांधांवर जाऊन उभे राहिले.

त्या दबावाखाली महाराष्ट्राने दोन कायदे केले. एकाने जमीन महसूल संहितेत कलम ३६-अ आणले: आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे विक्रीने, गहाणाने, पट्ट्याने, कशानेही जाणार असेल तर जिल्हाधिकाऱ्याची मंजुरी हवी, आणि पाच वर्षांपर्यंतचा पट्टा किंवा गहाण सोडून बाकी व्यवहारांना शासनाचीही. दुसरा, १ नोव्हेंबर १९७५ ला लागू झालेला, जमीन परत देण्याचा. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातली हस्तांतरणे उलटवायची. सुरुवातीची तारीख ओळखीची आहे, ती कृषक दिनाचीच. या चौकशीत परवानगीशिवाय वकील उभा करता येत नाही. फीच्या जोरावर सामना असमान होऊ नये, हा हेतू. बिगरआदिवासी खरेदीदारांनी कायद्याला आव्हान दिले. डिसेंबर १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला, वकिलांवरच्या बंधनासह.

आदेश मिळणे आणि शेतात औत घालणे यांत मात्र अंतर राहिले. मंडळ अधिकारी पंचनामा करून ताबापावती देई, आणि पुढच्या पावसाळ्यात पेरणी जुन्याच माणसाची असे. कारण बैल, बियाणे आणि उधार देणारा तोच होता. म्हणून मुदत वाढवावी लागली. कलम ३६-अ मोडून झालेल्या हस्तांतराविरुद्ध अर्ज करायला आता ६ जुलै २००४ पासून तीस वर्षे दिलेली आहेत. शहादा, तळोदा, शिरपूर, चोपडा या तालुक्यांतल्या कोणाही आदिवासी खातेदाराला तो अर्ज ६ जुलै २०३४ पर्यंत जिल्हाधिकाऱ्याकडे करता येतो, आणि अर्ज आला नाही तरी जिल्हाधिकाऱ्याला स्वतःहून चौकशी सुरू करता येते.